नाट्यसंगीताचे लपवलेले ऋण

नाट्यसंगीत ही केवळ रागदारीची लेक, असे सांगणाऱ्यांनी ‘सौभद्र’ पुन्हा ऐकावे. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यात साकी-दिंडीसोबत लावणीच्याही चाली घेतल्या. ठुमरीचा पगडा बसला तो पुढे, गोविंदराव टेंब्यांच्या ‘मानापमाना’पासून (१९११). कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ सादर करून नाटकातल्या गायकाला मैफलीचा मान दिला. मोठ्या मनाचे काम, यात शंका नाही. पण मग लावणीलाच निराळा न्याय का? दौंड तालुक्यातील चौफुल्याची संगीतबारी, शिरूरमधील कवठे येमाईचा तमाशा यांची नोंद ‘लोककला’ या कप्प्यात होते; तेथे गाणारीला ‘गायिका’ म्हणताना अभ्यासकांची लेखणी अडखळते. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, नव्वदी उलटल्यावर.