साक्षीदाराचे नाव नखाएवढ्या कार्डावर

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात एक रास्पबेरी पाय आहे. तळहातावर मावणारा संगणक. दिवसा मुले त्यावर टायपिंग शिकतात, संध्याकाळी आम्ही अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेसचे जबाब आणि साक्षीदारांचे फोन नंबर त्यावरच ठेवतो. लॉगिनला पासवर्ड आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण सगळा मजकूर मायक्रोएसडी कार्डावर. ते कार्ड काढून दुसऱ्या संगणकात घातले, तर पासवर्ड कोणी विचारतसुद्धा नाही!

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याचा आदेश विशेष न्यायालय देऊ शकते. न्यायालयाने झाकलेले नाव आमच्या टेबलावर उघडे? "आपल्याला लपवायचे आहे काय?" असे आमचेच काही साथी म्हणतात. ज्या बाईने गावातल्या धनदांडग्यांविरुद्ध जबाब दिला, तिचे नाव उघडे ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

लिनक्समध्ये लक्स नावाची सोय फुकट आहे, ती अख्खी डिस्क कुलूपबंद करते. नुसते एक फोल्डर झाकून भागत नाही. तात्पुरत्या फायलींतून मजकूर इकडेतिकडे सांडतोच. अडचण वेगाची. पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये एईएससाठीची खास सोय नाही, यंत्र रखडते. तिथे गूगलने स्वस्त उपकरणांसाठी काढलेली अ‍ॅडियंटम पद्धत वापरावी. पाय ५ मध्ये ती सोय आतच आहे. महागड्या फोनवाल्याला सुरक्षा न मागता मिळते, स्वस्त यंत्रवाल्याने ती खटपट करून मिळवायची. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही.

वीज गेली की यंत्र पुन्हा पासफ्रेज मागते. एकदा आमचा पासफ्रेजवाला भाऊ लग्नाला गेला आणि वाचनालयाचा संगणक दोन दिवस बंद! लक्सला अनेक पासफ्रेज देता येतात. आता एक ताईंकडेही आहे.

पण चालू यंत्राला हे कुलूप नसते. भीमा कोरेगाव प्रकरणातील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरमधून कागदपत्रे घुसडली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये मांडला. तसल्या हल्ल्यापुढे लक्स निरुपयोगी. म्हणून काम संपले की यंत्र बंद करा, आणि अनोळखी मेलमधली फाईल त्यावर उघडू नका.

जुने कार्ड फॉरमॅट करून कोणाला देऊ नका, आधीचा मजकूर त्यात राहू शकतो. आम्ही आमचे हातोडीने फोडले.