देव्हाऱ्याबाहेरचा धर्म

ख्रिस्ती मंडळी सेवेचे आमिष दाखवून माणसे ओढून नेतात, ही तक्रार आदिलाबादकडील आमच्या देवस्थानांच्या बैठकांतून नेहमी ऐकू येते. तीत तथ्य किती, हा वाद आम्ही तूर्त बाजूला ठेवतो. आमचा प्रश्न एवढाच, की ती सेवा आमच्या हातून का घडली नाही?

2016 पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या बासरला सरस्वतीचे दर्शन घेऊन गोदावरी ओलांडली, की निजामाबाद जिल्हा लागतो. तेथे डिचपल्लीस इसाबेल कर या स्कॉटिश डॉक्टरीणबाईंनी आपले पती रेव्हरंड जॉर्ज कर यांच्यासह 1915 साली कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. गावाने वेशीबाहेर घातलेल्यांना त्यांनी आत घेतले. या कार्यास मोठे द्रव्यसाहाय्य केले ते नरसा गौड या हिंदू धनिकाने! त्याचा धर्म त्यामुळे बुडाला काय?

रविवारची प्रार्थना आटोपली म्हणजे धर्म आटोपला, असे मानणारे ख्रिस्ती तेव्हाही होते, आजही आहेत. वाटेत घायाळ पडलेल्या माणसाला टाळून पुढे जाणाऱ्या याजकाची गोष्ट येशूने अशांसाठीच सांगितली. पण ती ऐकून आम्ही हसण्याचे कारण नाही. तो याजक आमच्या सभामंडपातही बसलेला आहे.

काशीहून आणलेली कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आमच्या कीर्तनांत डोळे पुसत ऐकली जाते. पैठणची तीच गोदावरी बासरला येते; नाथांची करुणा मात्र वाटेतच आटली, असे म्हणण्याची वेळ आम्हांवर यावी ना!

कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. हिंदू विवाह कायद्यातून घटस्फोटाचे हे कारण 2019 च्या दुरुस्तीने वगळले गेले. कायद्याने आपले काम केले. बोटे झडलेला, पण रोगमुक्त झालेला माणूस उद्या महाप्रसादाच्या पंगतीस आला, तर त्याच्या शेजारचे पान रिकामे राहणार नाही, अशी हमी कोणते विश्वस्त मंडळ देईल? ती कोणत्याही अधिनियमात लिहिता येत नाही. शेजारी बसूनच द्यावी लागते.

शिखरास सोन्याचा मुलामा देण्याचे ठराव एकमताने होतात. पुढील उत्सवात विश्वस्तांनी त्या पानाशेजारी आधी स्वतः बसावे. मग परधर्मीयांच्या सेवेविषयी तक्रार करण्याचा अधिकार त्यांना खुशाल असो. आमची खात्री आहे, की तेव्हा तक्रारच उरणार नाही.