विहीर कुणाची? : हिवरे बाजारच्या सहलीनिमित्त

आनंदनगरच्या आपल्या विद्यालयातून नववी-दहावीच्या मुलामुलींची एक दिवसाची सहल हिवरे बाजारला न्यायचे ठरले, तेव्हा पालकसभेत एक पालक उभे राहिले. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात ते पाळीवर काम करतात. त्यांनी विचारले, "सर, ज्या गावातून बाहेर पडायला आमच्या तीन पिढ्या गेल्या, तेच गाव आता पोरांना गाडी करून दाखवायला नेता?" सभेत हशा पिकला. आम्हाला मात्र हसू आले नाही. इतिहास शिकवण्यात अठ्ठावीस वर्षे घालवल्यावर एवढे कळते, की असा प्रश्न एका माणसाचा नसतो.

या प्रश्नाच्या पाठीशी खुद्द बाबासाहेब आहेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गौरवगानाचा खरपूस समाचार घेतला होता. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात आणि पुढे मेटकाफने भारतीय खेड्याला छोटेखानी राज्य म्हणून नावाजले, आणि आपल्याकडील विद्वानांनी ते प्रमाणपत्र भिंतीवर टांगून ठेवले. त्या राज्यात महारवाडा वेशीबाहेर होता, मेलेले ढोर ओढणे वतनात मोडत होते आणि पाणवठा निराळा होता, याचा उल्लेख प्रमाणपत्रात नव्हता. वतनाचे हे जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. १९४२ च्या नागपूर अधिवेशनात अस्पृश्यांसाठी सरकारी पडीक जमिनीवर स्वतंत्र वसाहती मागितल्या. ही दुसरी गोष्ट आपण फारशी आठवत नाही. बाबासाहेबांनी खेडे नाकारले ते माती, पाणी आणि शेती नाकारण्यासाठी नव्हे. जुन्या गावाची रचना नाकारून नवे गाव वसवण्याची मागणी त्यांनी केली होती. नवे गाव कसे असावे, हा प्रश्न म्हणूनच आपलाही आहे, आणि सहल न्यावी असे आम्हाला वाटले ते याच कारणाने.

पहाटे चार वाजता निघालो. कल्याण, मुरबाड, माळशेज, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर. अर्धी गाडी झोपलेली, उरलेली अर्धी उलट्या करण्यात गुंतलेली. नगर तालुक्यातील हे गाव पर्जन्यछायेत येते. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, कैक वर्षी त्याहूनही कमी. १९७२ च्या दुष्काळानंतर माणसे मजुरीसाठी पांगली. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे आदर्श गाव योजना आली, डोंगरांवर समतल चर खोदले गेले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने पाळली. हे सर्व वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आले आहे, म्हणून येथे लांबवीत नाही. गावात मुस्लिमांचे एकच कुटुंब असताना त्यांच्यासाठी मशीद बांधली गेली, एवढे मात्र मुलांनी आवर्जून टिपून घेतले.

मुलांना खरा धक्का बसला तो पाण्याच्या ताळेबंदाने. पाऊस किती पडला ते पर्जन्यमापकावर मोजायचे, निरीक्षण विहिरींची पातळी पाहायची, जमिनीत किती मुरले याचा हिशेब मांडायचा आणि तो सर्वांसमोर ठेवायचा. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, मग जनावरांचा, मग शेतीचा. पाऊस कमी झाला की रब्बीचे क्षेत्र कमी करायचे. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर पाणी होते, हे गणित आमच्या एका विद्यार्थ्याने जमिनीवर काडीने सोडवून दाखवले. वर्गात हाच मुलगा गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहत असतो. उसाच्या जिल्ह्यात उसाला नाही म्हणणारे गाव मुलांनी पाहिले. आमच्या मते सहलीचा खर्च तेथेच वसूल झाला.

परतीच्या वाटेवर, माळशेज उतरताना, दहावीतील एका मुलीने विचारले, "सर, डोंगरावर चर खोदले सगळ्यांनी मिळून. पाणी चढले विहिरीत. मग ज्याची विहीरच नाही, त्याच्या घरी काय चढले?"

ही मुलगी त्याच पालकांची, हे सांगायलाच हवे.

आम्ही गाडीत उत्तर देण्याचा प्रयत्न केला. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम म्हणजे त्यात भूमिहीनही आला. बारमाही शेती झाली की गावातच मजुरी मिळते, ऊसतोडीला जावे लागत नाही, दुधाचा जोडधंदा होतो. हे उत्तर खोटे नव्हते, पण मुलीने विचारले होते हक्काचे, आणि आम्ही सांगत होतो लाभाचे. आपल्याकडे चालत आलेला प्रघात असा, की जमीन ज्याची, तिच्या पोटातील पाणीही त्याचेच. श्रमदानाची कुदळ सर्वांच्या हाती आणि मोटारीची कळ मोजक्यांच्या, ही अवस्था पाणलोट विकासाच्या कोणत्याही गावात उद्भवू शकते. चराईबंदीचेही तसेच. ज्याला रान आहे तो बांधावरचे गवत कापतो. ज्याच्या दोन शेळ्या हीच काय ती मालमत्ता, त्याला गायरान बंद झाले म्हणजे शेळ्या विकण्यावाचून गत्यंतर नसते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह पडीक जमिनीसाठीच होते, हे आपल्या मुलांना पर्यावरणाच्या धड्यात कोणी सांगत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाला अधिक सरळ उत्तर देणारा प्रयोग याच महाराष्ट्रात झाला आहे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तेथील तत्त्व असे: पाणी जमिनीच्या मापाने वाटायचे नाही, माणसांच्या संख्येने वाटायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. हा वाटा सगळीकडे प्रत्यक्षात उतरवणे किती कठीण, हे साळुंखे यांच्या कार्यकर्त्यांनी पुरते अनुभवले. तरी नियम लिहिला गेला, याला आम्ही मोठी गोष्ट मानतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली ती तहान भागवण्यासाठी नव्हती, माणूस म्हणून पाण्यावर हक्क सांगण्यासाठी होती. नायगावचा नियम आम्हाला त्या ओंजळीचा नातलग वाटतो.

अलीकडे आमचे काही माजी विद्यार्थी, चांगल्या पगारावर असलेले, बदलापूर-कर्जतकडे 'इको-व्हिलेज'मध्ये भूखंड घेण्याच्या गोष्टी करतात. घ्यावा, त्यांच्या कष्टाचा पैसा आहे. एवढेच विचारतो, की कुंपणाच्या आत सौरदिवे आणि कंपोस्टचा खड्डा असलेल्या त्या गावात झाडलोट करायला बाई कुठून येते, आणि तिच्या पाड्यावर पाणी किती वाजता येते?

आणि आपल्या अंगणातले काय? काकोळे गावाच्या परिसरात उगम पावणारी वालधुनी शके ९८२ च्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. त्या मंदिराच्या शिल्पांवर आम्ही दरवर्षी तास घेतो आणि दरवर्षी मुले नाकाला रुमाल लावून तो ऐकतात. २०१४ साली या पात्रात ओतलेल्या रसायनांतून उठलेल्या वायूने उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. ते काठावर राहणारे होते. दूर राहण्याची ऐपत नसलेले. गाव सोडून शहरात आलो तरी वेशीबाहेरची जागा आपल्या मागोमाग नाल्याकाठी आली, असे त्या पालकांना आम्ही नंतर म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या पाळीला नाल्याचा रंग कोणता, ते मी रोज बघतो. पण बोललो तर पाळी जाईल."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्या नोकरीची जोखीम आम्ही त्यांना घ्यायला सांगू शकत नाही.

वसतिगृहात आता पाण्याची वही सुरू झाली आहे. टाकी केव्हा भरली, किती उतरली, गळका नळ कोणता. मुले आळीपाळीने नोंद करतात. पुढच्या वर्षीची सहल नायगावला न्यावी, असा प्रस्ताव संस्थेपुढे आहे. पुरंदर-सासवडकडील माजी विद्यार्थ्यांनी मुक्कामाची सोय कळवली तर गाडीभाड्यात बचत होईल.

त्या मुलीने सुट्टीत मूळ गावी जाऊन आणखी एक वही भरून आणली. पानावर तीन रकाने: विहीर कुणाची, किती परस खोल, उन्हाळ्यात तेथून कोण पाणी भरते. गावातील एकेक विहीर तिने पायी फिरून पाहिली आहे. बौद्ध वस्तीच्या पानावर विहिरीचा रकाना कोरा आहे. खाली लिहिले आहे: हातपंप एक, होळीपर्यंत चालतो.