दिवा लागतो, विझतो

आपल्या वस्तीतली काही मुले आता विजेवरची मोटार भाड्याने चालवतात. त्यांची एक तक्रार कानी येते : डॅशबोर्डवर दिवा लागतो, वर्कशॉपमध्ये नेली की विझलेला! 'गाडीत दोष नाही' म्हणून परत पाठवतात. दिवसाचा धंदा बुडतो तो बुडतोच.

बंधूंनो, तोंडी सांगून भागत नाही. दिवा लागताच गाडी कडेला घ्या, मोबाइलवर फोटो काढा. वेळ, चार्जिंग किती टक्के, पाऊस होता का, हे वहीत टिपा. दिवा विझला तरी दोषाचा कोड बहुधा गाडीच्या संगणकात राहतो. तो वाचायला सांगा. जॉबकार्डावर तक्रार लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. वॉरंटीच्या वेळी तोच कागद कामाला येतो.

एकदम तीन-चार दिवे लागले तर मोठी बॅटरी गेली असा धसका घेऊ नका. विजेच्या गाडीतही सहसा 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते, संगणक तिच्यावरच चालतो. ती थकली किंवा टर्मिनल सैल झाले तरी असे होते. आधी ती तपासून घ्या.

चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर मात्र, विझला तरी, पुढचे भाडे घेऊ नका. आणि नारिंगी जाड वायरींना हात लावायचा नाही; त्यात शेकडो व्होल्ट असतात.