होडी कुणाची, पाणी कुणाचे?

हिवाळा लागला की हतनूरच्या जलाशयावर होडीतून पक्षी पाहावयास जाणाऱ्यांची पावले वळू लागतात. या छंदाची टवाळी करण्याचा आमचा विचार नाही. धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. १८९० साली ज्या गावात हा कवी जन्मला, त्या गावच्या माणसाने तरी निसर्गाकडे डोळे भरून पाहण्याला चैन म्हणू नये. मात्र बालकवींच्या काळी नदीकाठी तिकीटघर नव्हते. आज जलाशय दिसला की शासनाला पर्यटन दिसते. २०२४ च्या मार्चमध्ये कोयनेच्या जलाशयावर मुनावळे येथे जलपर्यटन केंद्राचे थाटात उद्घाटन झाले. त्याच कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलने करीत राहिले. हतनूरवर उद्या असाच फलक लागला तर वल्हे कुणाच्या हाती असेल, हा प्रश्न आजच विचारावयास हवा.

प्रथम हे पाणी कसले आहे ते पाहू. तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवला होतो. त्याच्या खाली हतनूर येथे एक्केचाळीस दरवाजांचे धरण १९८२ साली पूर्ण झाले. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांना कालव्याचे पाणी मिळाले, दीपनगरच्या वीजकेंद्राला मिळाले, भुसावळला मिळाले. त्यासाठी वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांची काळी जमीन आणि वस्ती पाण्याखाली गेली. पूर्णा दरसाल वऱ्हाडची माती घेऊन येते आणि ती धरणात टाकते. गाळ साचला, पाणी उथळ झाले, कडेने लव्हाळे आणि पाणवनस्पती माजल्या. अभियंत्याच्या दृष्टीने हा धरणाचा ऱ्हास होय. पक्ष्यांच्या दृष्टीने ते अन्नछत्र ठरले. उत्तरेकडून येणारे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, वारकऱ्यांचे काळे थवे यांना कुणी निमंत्रण दिले नव्हते. धरणाच्या आराखड्यात त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती. २००४ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी देशातील पक्ष्यांच्या महत्त्वाच्या स्थळांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत हतनूरचा समावेश झाला.

तेव्हा ज्याला आपण निसर्ग म्हणून होडीतून पाहावयास जातो, तो शेतकऱ्याची बुडालेली जमीन, नदीचा गाळ आणि सिंचन खात्याची भिंत यांतून घडला आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात पेरा करणारा माणूस आणि त्याच गाळात चोच घालणारा पक्षी हे एकाच जलाशयाचे भागीदार आहेत. तिसरा भागीदार पाण्यावर आहे. पहाटे जाळे काढावयास जाणारा भोई आणि कोळी. पक्षी कोणत्या खाडीत रात्र काढतात, वारा फिरला की कुठे सरकतात, कुठले पाणी खोल आणि कुठे बुडालेले झाड होडीला लागेल, हे त्याला दुर्बिणीवाचून ठाऊक असते. पाहुण्यांना तो थव्यापर्यंत नेतो आणि मग वृत्तांतात त्याचा उल्लेख “स्थानिक नावाडी” एवढाच उरतो!

कायद्याची तऱ्हा तर याहून अजब आहे. केंद्राने २०१७ साली पाणथळ जागांसंबंधी जे नियम केले, त्यांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळ जागेच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. म्हणजे हतनूरला पाणी आहे, थळ आहे, हजारो पक्षी आहेत, पण ती पाणथळ जागा नाही! याउलट नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पाहा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा बंधाराही सिंचनासाठीच बांधलेला. तोही गाळाने उथळ झाला. तेथेही पक्षी आले. त्याला १९८६ साली अभयारण्य म्हणून आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. एकाच प्रकारच्या दोन जलाशयांपैकी एक आंतरराष्ट्रीय वारसा ठरतो आणि दुसऱ्याला कायद्याच्या लेखी अस्तित्व नाही, याला शास्त्र म्हणावे की लहर?

हतनूरलाही संरक्षण हवे, यात आम्हांस शंका नाही. शंका आहे ती संरक्षणाच्या नावाखाली कोणाला बाहेर काढले जाईल याविषयी, आणि ती कल्पनेतून आलेली नाही. सातपुड्याच्या पलीकडे, होशंगाबाद जिल्ह्यात, तवा धरणाने आदिवासींची गावे उठवली. त्या विस्थापितांनी केसला येथील किसान आदिवासी संघटनेच्या आणि आमचे दिवंगत सहकारी सुनील यांच्या साथीने लढून १९९६ च्या अखेरीस जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळवला. तवा मत्स्य संघाने जाळी, नावा, बर्फ, विक्री हे सारे स्वतः सांभाळले. ठेकेदार गेला आणि मजुरी कष्टकऱ्याच्या हाती पडू लागली. दहा वर्षांनी, २००६ साली, करार संपताच तो पुढे चालू ठेवण्यात आला नाही. कारण दिले गेले वन्यजीवांचे: जलाशयाचा भाग सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो. आज त्याच परिसरात मढई येथून मोटारबोटी पर्यटकांना घेऊन निघतात आणि तवाच्या पाण्यावर पर्यटन महामंडळाची नौका फिरते. आदिवासीच्या जाळ्याने वन्यजीवांना बाधा होते, पर्यटकाच्या इंजिनाने होत नाही, असा याचा अर्थ घ्यावयाचा काय?

गंगेवरही हेच घडले. सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटर नदीवर चालणारी जमीनदारी मोडण्यासाठी १९८२ साली कहलगावला गंगामुक्ती आंदोलन उभे राहिले. जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीचे तरुण मच्छीमारांसमवेत त्यात उतरले. जवळपास दशकभराच्या झुंजीनंतर नदी करमुक्त झाली, आणि नेमके त्याच सुमारास, १९९१ साली, त्याच पात्रातील सुलतानगंज ते कहलगाव हा पट्टा डॉल्फिनचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. डॉल्फिन वाचावा हे आम्हांलाही मान्य आहे. पण जमीनदार गेल्यावर त्याच्या जागी वनखात्याचा शिपाई उभा राहतो, तेव्हा मच्छीमाराने कोणत्या मुक्तीचा उत्सव करावयाचा?

यावर काही निसर्गप्रेमी मित्र म्हणतील की जाळ्यांत पक्षी अडकतात, बारीक जाळ्यांनी माशांची पिल्ले संपतात. हे आक्षेप खरे आहेत आणि ते झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. जाळ्याचा आस किती असावा, विणीच्या काळात मासेमारी किती दिवस बंद असावी, पक्ष्यांच्या मुक्कामाच्या खाड्यांत होडी कधी नेऊ नये, याचे नियम झालेच पाहिजेत. परंतु जाळ्याबद्दल जितक्या तळमळीने बोलले जाते तितक्या तळमळीने अकोल्याचे सांडपाणी मोर्णेतून पूर्णेत उतरते त्याबद्दल कोण बोलतो? भोयाला दटावणे सोपे, नगरपालिकेला दटावणे कठीण. रामसरच्या १९७१ च्या करारातही पाणथळ जागेच्या सुजाण वापराचे तत्त्व आहे. माणूस हाकलून द्या असे तो करार सांगत नाही. भारताने तो १९८२ साली स्वीकारला, म्हणजे हतनूर पूर्ण झाले त्याच साली.

उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ मच्छीमारच आपल्या होड्यांतून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवतात. तेथे सारे आलबेल आहे असे नाही. प्रदूषणाने मासेमारी खालावली म्हणूनच पुष्कळांनी हा जोडधंदा धरला. तरी होडी त्यांची आहे आणि भाडेही त्यांच्याच घरी जाते. याच उजनीत २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. ती माणसे सहलीला निघालेली नव्हती. धरणाच्या फुगवट्याने ज्यांचे रस्ते तोडले, त्या गावांना होडी हाच रस्ता आहे. जीवरक्षक जाकीट, बोटीची तपासणी, प्रशिक्षित नावाडी या गोष्टी पर्यटन केंद्रावर प्रथम पोचतात आणि गावच्या धक्क्यावर प्रेते निघाल्यानंतर, याची लाज शासनाला वाटली पाहिजे.

आमची मागणी म्हणून सरळ आहे. हतनूरला पाणथळ जागेचे संरक्षण द्या; त्यासाठी २०१७ च्या नियमांतील व्याख्या आड येत असेल तर ती बदला, नाहीतर नांदूर मध्यमेश्वरची वाट धरा. मात्र पर्यटकांची होडी चालवण्याचा हक्क धरणग्रस्त आणि मच्छीमार यांच्या सहकारी संस्थेलाच असावा, तोही दरवर्षी लिलावात न जाणारा. पक्ष्यांच्या खाड्यांत इंजिन आणि भोंगा यांना सक्त बंदी हवी. जलाशयाचे नियम करणाऱ्या समितीत गाळपेऱ्याचा शेतकरी, भोई आणि पक्षिअभ्यासक यांना अधिकाऱ्याइतकेच मत हवे. बाहेरच्या ठेकेदाराला एक वल्हेदेखील देऊ नये.

हा प्रश्न भुसावळ-मुक्ताईनगरचा, त्यात धरणगावने का पडावे, असे कुणी विचारील. तापी आमच्याही तालुक्याच्या कडेने वाहते, गिरणा तिला इकडेच मिळते, आणि नव्वदीच्या दशकाअखेर मंजूर झालेले पाडळसरे धरण पंचवीस वर्षांनंतरही पुरे झालेले नाही. ज्या गावात नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजण्याचा हिशेब घरोघर असतो, तेथे जलपर्यटन हा शब्द जरा जपूनच उच्चारावा. पण पाडळसरे कधीतरी भरेल. भरल्यावर काही वर्षांत गाळ साचेल आणि पक्षीही येतील. त्या पाण्यावरच्या पहिल्या होडीचा परवाना कोणाच्या नावे निघावा, याचा ठराव अमळनेर, चोपडा आणि धरणगाव तालुक्यांतील नदीकाठच्या ग्रामसभांनी येत्या बैठकीतच करून ठेवावा.