व्हीएमवेअर सोडायचं, तर जायचं कुठे?

एका फोनवर दोन व्हॉट्सअ‍ॅप चालवता येतात, यात आता कुणालाच नवल वाटत नाही. ऑफिसमधल्या सर्व्हरवर याच धर्तीचा, पण बराच मोठा प्रकार चालतो. मशीन एकच, पण त्याच्या पोटात आठ-दहा वेगवेगळे ‘कॉम्प्युटर’. एकावर बिलिंग, एकावर हजेरी, एकावर डेटाबेस. प्रत्येकाला वाटतं, अख्खं मशीन आपलंच आहे. या प्रत्येकाला व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम म्हणतात, आणि सगळ्यांना प्रोसेसर-रॅम वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर.

बरीच वर्षं या कामासाठी डोळे झाकून एकच नाव घेतलं जायचं, ते म्हणजे व्हीएमवेअर. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही कंपनी २२ नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेली. सौदा जाहीर झाला तेव्हा किंमत सांगितली होती सुमारे ६१ अब्ज डॉलर. आणि पुढच्याच महिन्यात नियम बदलले. एकदा पैसे भरून कायमचं लायसन्स घ्यायची सोय बंद झाली आणि सबस्क्रिप्शन आलं. सुटं मिळणारं बरंच काही मोठ्या पॅकेजमध्ये गेलं. म्हणजे हवा फक्त वडापाव, पण घ्यावी लागते थाळी.

दणका किती मोठा होता? अमेरिकेतली एटीअँडटी ही टेलिकॉम कंपनी २०२४ मध्ये थेट कोर्टात गेली. तिचे सुमारे ७५,००० व्हीएम व्हीएमवेअरवर चालत होते, आणि वर्षाच्या खर्चात १,०५० टक्के वाढ मागितली जातेय असं तिचं म्हणणं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघांत तडजोड झाली. एटीअँडटीकडे निदान वकिलांची फौज होती. भोसरी किंवा अंबडच्या एमआयडीसीतल्या कारखान्याकडे काय असतं? एक सर्व्हर, एक यूपीएस आणि आठवड्यातून दोनदा येणारा एक ‘कॉम्प्युटरवाला’.

अशा छोट्या ठिकाणी हिशोब आणखी वेगळा लागतो. नवं सबस्क्रिप्शन प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरतात. समजा तुमच्या सर्व्हरमध्ये ८ कोअरचे दोन प्रोसेसर आहेत. खरे कोअर १६, पण पैसे ३२ चे. जुना, लहान सर्व्हर वापरणाऱ्यालाच हा नियम जास्त बोचतो.

मग बरेच मालक म्हणतात, ‘जुनं लायसन्स आहे ना, चालतंय ना, मग राहू दे.’ चालेल, खरंच चालेल. पण सपोर्टचा करार संपला की नियमित अपडेट थांबतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातल्या व्हीएमवेअर सर्व्हरवरच्या फाइल्स कुलूपबंद केल्या होत्या. ज्या भोकातून तो शिरला असं मानलं गेलं, त्यावरचा पॅच दोन वर्षं आधीच आला होता, लोकांनी टाकला नव्हता एवढंच. आणि हायपरव्हायझर गेला की एक कॉम्प्युटर जात नाही, दहाच्या दहा जातात. व्हीस्फिअर ७ या आवृत्तीचा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ‘राहू दे’ म्हणणाऱ्यांनी आपली आवृत्ती कोणती हे आधी बघावं.

आता पर्याय. लोक तुलना करताना फीचर्सचे तक्ते काढतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे: तुमच्या व्हीएममध्ये चालतंय काय, विंडोज की लिनक्स?

कारण विंडोज सर्व्हरचं लायसन्स व्हीएमवेअरवर लागतं, तसंच फुकटच्या हायपरव्हायझरवरही लागतं. ते त्या लोखंडी मशीनच्या कोअरवर मोजतात. स्टँडर्ड एडिशनमध्ये सगळ्या कोअरचे पैसे भरले की दोन विंडोज व्हीएम चालवता येतात. चार हवे असतील तर तेच लायसन्स दुप्पट घ्यायचं. म्हणजे व्हीएम विंडोजचेच असतील, तर हे पैसे तुम्ही भरलेलेच आहात, आणि त्याच पैशात मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही येतो. वेगळं काही विकत घ्यायचं नाही. तो दिसायला जुनाट वाटतो, त्याच्या खिडक्या बघून २०१० आठवतं, पण दोन-चार व्हीएमच्या ऑफिसला पुरून उरतो. शिवाय विंडोज येणारा माणूस कोणत्याही तालुक्याच्या गावात मिळतो. एक मात्र लक्षात ठेवा. पूर्वी मायक्रोसॉफ्ट फक्त हायपर-व्हीची वेगळी मोफत आवृत्तीही द्यायचं, ती २०१९ च्या पुढे आली नाही. नियम बदलायची सवय एकट्या ब्रॉडकॉमलाच आहे असं नाही.

व्हीएम लिनक्सचे असतील, किंवा हाताशी लिनक्स येणारा माणूस असेल, तर प्रॉक्समॉक्स. व्हिएन्नातल्या कंपनीचं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर २००८ पासून आहे. आत इंजिन केव्हीएमचं, जे २००७ पासून लिनक्समध्येच बसवलेलं आहे. (पिक्सेल फोनमध्ये आलेलं लिनक्स टर्मिनल याच केव्हीएमच्या जोरावर चालतं, म्हणजे हे इंजिन काहींच्या खिशातही आहे.) पैसे न भरता वापरता येतं, लॉगिन करताना ‘सबस्क्रिप्शन नाही’ असा टोमणा तेवढा ऐकावा लागतो. भरायचेच असतील तर मोजणी सॉकेटवर, कोअर ८ असोत की ६४.

मग सगळ्यांनी तिकडेच जावं का? नाही. कंपनीचा सपोर्ट ऑस्ट्रियाच्या कामाच्या वेळेत मिळतो, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन ते साडेचार तास मागे आहे. सकाळी नऊला बिलिंग बंद पडलं तर व्हिएन्नात पहाट असते. दुसरी अडचण दोन सर्व्हरवाल्यांची. एक पडला तर दुसऱ्याने आपोआप काम उचलावं, यासाठी क्लस्टरमध्ये बहुमत लागतं, आणि दोघांत भांडण झालं तर बहुमत कुणाचं? तिसरं मत हवं. एखादा छोटा रास्पबेरी पाय त्यासाठी पुरतो, पण हे आधी माहीत असलेलं बरं.

शेकडो व्हीएम असलेल्या मोठ्या हॉस्पिटलने किंवा बँकेने मात्र घाई करू नये, असं मला वाटतं. व्हीएमवेअर हे सॉफ्टवेअर म्हणून आजही दणकट आहे, बिघडलाय तो व्यवहार. त्यांनी एक रिन्यूअल सोसून त्या काळात नीट स्थलांतर करणं परवडेल. न्यूटॅनिक्ससारखे महागडे पर्यायही त्यांच्यासाठीच आहेत.

स्थलांतराबद्दल बोलायचं तर एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्स व्हीएमवेअरमधून थेट व्हीएम ओढून घेतो. घोळ होतो तो त्यानंतर. विंडोज व्हीएममध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर आधीच टाकलेले नसले तर तो बूट होताना अडकू शकतो. नेटवर्क कार्ड ‘नवं’ दिसतं, त्यामुळे ठरवून दिलेला आयपी जातो आणि प्रिंटरपासून हजेरीच्या मशीनपर्यंत सगळे गोंधळतात. म्हणून पहिला व्हीएम बिनमहत्त्वाचा निवडा, आणि बॅकअप नुसता घेऊ नका, तो परत चढवून बघा.

तुम्ही स्वतः या क्षेत्रात नोकरी शोधत असाल, तर फक्त व्हीएमवेअरच्या सर्टिफिकेटवर विसंबून राहू नका. व्हीएमवेअरची मोफत ईएसएक्सआय आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आली, त्यामुळे शिकायला तीही आहे. पण घरातल्या ८ जीबी रॅमच्या जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्सही चालतं. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय सुरू करा. आणि हो, इन्स्टॉल करताना निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, तेव्हा घरच्यांचे लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे हलवा.