श्रद्धेच्या बाजारातील धर्मकाटा
प्रसाद विकत मिळत नाही. देवापुढे नैवेद्य ठेवल्यावर तो लाभतो. तथापि जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेपूर्वीच, मिठाई ‘राममंदिराचा प्रसाद’ म्हणून ऑनलाइन विकली जात होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रीमंचास नोटीस बजावली, हे योग्यच झाले. जेथला नाही तेथला म्हणून माल विकणाऱ्यास कौटिल्यानेही अर्थशास्त्रात दंड सांगितला आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार अशा मंचाने विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखविणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तेव्हा सज्जनहो, सणाची पूजासामग्री मागविताना तो पत्ता पाहावा. फसगत झाल्यास १९१५ या क्रमांकावर कळवावे. असत्य मुकाट्याने सोसणे ही भक्ती नव्हे.